वजन नॉर्मल, कमर ९४: बारीक माणसाला फॅटी लिव्हर का होतं?

प्रश्न असा आहे. वय ४२, पुरुष, उंची १७० सेंटिमीटर, वजन ६६ किलो, कमर ९४ सेंटिमीटर. उपाशीपोटी साखर १०८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३४, सोनोग्राफीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’. ऑफिसातला मित्र ९६ किलोचा आणि त्याचे रिपोर्ट मात्र स्वच्छ. ‘मी बारीक असून हे मलाच का? चरबीमुळे शरीरात इन्फ्लमेशन, म्हणजे दाह, होतं असं वाचलं, मग दाह दाखवणारी एचएस-सीआरपी ही रक्ततपासणी करून घेऊ का? हळदीच्या कॅप्सूल सुरू करू का?’

तुमच्या आकड्यांत माझी नजर आधी गेली ती ९४ वर. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा अंक) २२.८ येतो, म्हणजे भारतीयांसाठीच्या २३ च्या रेषेच्या आत. तिथेच सगळे फसतात. कमरेची मर्यादा आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर धरतात आणि ती तुम्ही ओलांडली आहे. मित्राच्या चरबीला राहायला नीट जागा मिळाली आहे, तुमच्या चरबीला मिळालेली नाही. साखर, ट्रायग्लिसराइड, लिव्हर आणि ते इन्फ्लमेशन हे सगळं या जागेच्या टंचाईतून आलेलं आहे.

आम्ही शिकत होतो तेव्हा चरबी म्हणजे शिल्लक इंधन आणि थंडीपासून बचाव, एवढंच शिकवायचे. १९९३ मध्ये गोखान होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगेलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाह पेटवणारं प्रथिन सापडल्याचं दाखवलं. ते निष्प्रभ केल्यावर त्या उंदरांचं इन्सुलिन जास्त चांगलं काम करू लागलं. पुढच्याच वर्षी जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनं लेप्टिन शोधलं. चरबीतून निघून मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असं सांगणारं हे हार्मोन. मग अ‍ॅडिपोनेक्टिन आलं. तेही चरबीच तयार करते, पण चरबी फुगत गेली की ते वाढायच्या ऐवजी घटतं, आणि ते इन्सुलिनला मदत करणारं असल्यामुळे ही घट महागात पडते. थोडक्यात, चरबी हा थायरॉइडसारखा हार्मोन सोडणारा अवयव ठरला.

तरी तिचं मूळ काम साठवणुकीचंच आहे आणि ते काम फार मोलाचं आहे. शेतकऱ्याच्या घरातली कणगी आठवा: सुगीत भरायची, पुढे लागेल तसं काढायचं, मधल्या काळात उंदीर-ओल लागू द्यायची नाही. जेवणानंतर रक्तात आलेलं स्निग्ध चरबीच्या पेशीनं पटकन उचलायचं, इन्सुलिन आहे तोवर धरून ठेवायचं आणि उपाशीपणी हळूहळू सोडायचं. कणगी भरली तर धान्य घरभर सांडतं. इथे ते सांडतं लिव्हरमध्ये, स्नायूंत आणि स्वादुपिंडात, आणि या तिन्ही ठिकाणी चरबी साठवायची सोय निसर्गानं केलेली नाही.

आता पेशीच्या पातळीवर. चरबीचा साठा वाढायचे दोन मार्ग आहेत: नव्या पेशी तयार होणं किंवा आहेत त्याच फुगणं. पहिला मार्ग निरोगी. लहान, नव्या पेशी इन्सुलिनचं ऐकतात आणि अ‍ॅडिपोनेक्टिन भरपूर सोडतात. पण प्रौढ वयात पेशींची संख्या बऱ्यापैकी ठरून गेलेली असते. दरवर्षी साधारण १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. (हे मोजलं कसं, तर अणुचाचण्यांमुळे १९५० नंतर हवेत वाढलेला कार्बन-१४ पेशींच्या डीएनएमध्ये किती उतरला यावरून. बॉम्बचा एवढा सत्कारणी उपयोग दुसरा झाला नसावा.) म्हणजे ज्याला नव्या पेशी करता येत नाहीत, त्याच्या जुन्या पेशी फुगत राहतात.

फुगलेल्या पेशीचा व्यास १०० मायक्रॉनच्या पुढे जातो. रक्तवाहिनीतून ऑक्सिजन ज्या अंतरापर्यंत झिरपत पोचतो, ते अंतरही जवळपास तेवढंच. पेशी घुसमटते, ताणाचे संदेश सोडते, शेवटी फुटते आणि आतला तेलाचा थेंब उघडा पडतो. तो उचलायला मॅक्रोफेज, म्हणजे शरीराच्या सफाई खात्याच्या पेशी, धावून येतात. लठ्ठ माणसाच्या चरबीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की हे अगदी डोळ्यांना दिसतं: मेलेल्या एका चरबीपेशीभोवती मॅक्रोफेजनी गोल कडं केलेलं असतं, मुकुटासारखं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी दाखवलं की लठ्ठपणात चरबीमध्ये मॅक्रोफेजची गर्दी होते. बारीक माणसाच्या चरबीत त्या एकूण पेशींच्या १० टक्क्यांहून कमी असतात, अतिलठ्ठ माणसात ४० टक्क्यांच्या आसपास जातात. टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१ बीटा ही दाह पेटवणारी मंडळी मुख्यतः या मॅक्रोफेजकडूनच येतात.

त्यानं होतं काय? एक तर त्याच चरबीपेशींचे कान इन्सुलिनला बहिरे होतात. ‘साठा धरून ठेव’ हा हुकूम ऐकू न आल्यामुळे त्या दिवसरात्र फॅटी अ‍ॅसिड रक्तात सोडत राहतात. दुसरं, इंटरल्यूकिन-६ लिव्हरला जाऊन सांगतं आणि लिव्हर सीआरपी बनवायला लागतं. तुम्ही जी एचएस-सीआरपी तपासायचं म्हणता, ती ही. तिसरं, लिव्हरकडे येणाऱ्या फॅटी अ‍ॅसिडचं लिव्हर करणार काय? काही जाळतं, काही ट्रायग्लिसराइड करून रक्तात ढकलतं आणि उरलेलं स्वतःतच साठवतं. तुमचे २४० आणि तुमचं ‘ग्रेड वन’ ही एकाच प्रसंगाची दोन रूपं. ट्रायग्लिसराइड चढलं की एचडीएल पडतं, म्हणून ते ३४. चरबी साठलेलं लिव्हर रात्री इन्सुलिन असूनही साखर सोडत राहतं, म्हणून सकाळी १०८.

पोटाच्या आतल्या चरबीचं वेगळं सांगायला हवं. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये कॅमेरा आत गेला की आधी दिसतो तो आतड्यांवर पसरलेला चरबीचा पिवळा पडदा, ओमेंटम. वर उजवीकडे लिव्हर. निरोगी लिव्हर तांबूस-तपकिरी, कडा सुरीसारखी पातळ. फॅटी लिव्हर पिवळट दिसतं आणि त्याची कडा बोथट, गोलसर झालेली असते. दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर बघितल्या की त्यांचं नातं वेगळं समजवावं लागत नाही: ओमेंटमचं रक्त पोर्टल शिरेतून थेट लिव्हरमध्येच जातं. मांडीची चरबी जे काही सोडते ते सगळ्या शरीरात विरळ होऊन जातं. फ्रान्समधल्या मार्से शहराचे डॉक्टर झाँ वाग यांनी १९४७ मध्येच लिहून ठेवलं होतं की मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे आजार पोटाभोवतीच्या लठ्ठपणात दिसतात, नितंब-मांड्यांच्या लठ्ठपणात तेवढे नाहीत. त्या काळात त्यांच्याकडे फार कुणी लक्ष दिलं नाही. बायकांना पाळी जाईपर्यंत बरंचसं संरक्षण या मांड्यांच्या चरबीमुळे मिळतं. पाळी गेली की चरबी पोटाकडे सरकते आणि ते कवच पातळ होतं.

‘मग पोटावरची चरबी काढूनच टाकली तर?’ हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. २००४ मध्ये सॅम्युएल क्लाइन यांच्या गटानं नेमकं हेच केलं. पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या त्वचेखालची साधारण १० किलो चरबी लायपोसक्शननं काढली आणि १० ते १२ आठवड्यांनी तपासलं. इन्सुलिनचं काम सुधारलं नाही, सीआरपी उतरलं नाही, रक्तदाब आणि लिपिड होते तसेच. याच बायकांनी खाणं कमी करून यातली निम्मी चरबी उतरवली असती तरी फरक दिसला असता. का, तर लायपोसक्शननं साठवणुकीची जागा गेली, फुगलेल्या उरलेल्या पेशी फुगलेल्याच राहिल्या आणि लिव्हरमधली चरबी जागची हललीही नाही.

याच्या उलट टोकाला लायपोडिस्ट्रॉफी नावाचा दुर्मीळ आजार आहे. त्यात जन्मापासून किंवा पुढे कधीतरी त्वचेखालची चरबी जवळजवळ नसतेच. माणूस दिसतो पैलवानासारखा, प्रत्येक स्नायू उठून दिसतो, आणि लिव्हर चरबीनं गच्च, ट्रायग्लिसराइड हजारांत, मधुमेह असा की शेकडो युनिट इन्सुलिन घालूनही हटत नाही. चरबीमुळेच मधुमेह होतो असं म्हणणाऱ्याला हा रुग्ण निरुत्तर करतो. अशाच चरबीविना जन्मलेल्या उंदरांना प्रयोगशाळेत दुसऱ्या उंदराची चरबी बसवली, तर त्यांचा मधुमेह बरा झाला.

आणखी एक पुरावा आमच्या रोजच्या प्रिस्क्रिप्शनमध्ये पडून आहे. पायोग्लिटाझोन ही गोळी त्वचेखाली नव्या, लहान चरबीपेशी तयार करायला लावते. रुग्णाचं वजन दोन-तीन किलोनं वाढतं आणि साखर, लिव्हरची चरबी, सीआरपी तिन्ही उतरतात. वजन वाढून मधुमेह सुधारतो. (अंगावर सूज, हार्ट फेल्युअर, बायकांत हाडं ठिसूळ होणं असे तिचे धोके आहेत. हे वाचून कुणी मेडिकलमधून स्वतः आणू नये.)

आता ‘मलाच का’ याकडे येतो, आणि याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन (साखरेविरुद्ध लिहिणारे ते युडकिन वेगळे) यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघे शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय २२.३, अगदी दशांशापर्यंत सारखा. पण स्कॅनमध्ये युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. स्वतःच्या व्यायामाबद्दल याज्ञिकांनी तिथे मिश्कीलपणे लिहिलं होतं की लिफ्टचं दार मिटायच्या आत पोचायला धावतो, तेवढाच. पण फरक नुसता व्यायामाचा नव्हता. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांच्या गटानं गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपलं बाळ सगळ्याच मापांत लहान होतं: दंड, पोट, उंची. खांद्याच्या पात्याखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. म्हणजे स्नायू आणि अवयव कमी, चरबी जवळपास टिकून. दिसायला बारीक, आतून चरबीदार, आणि हे पाळण्यातच.

दक्षिण आशियाई लोकांच्या त्वचेखालच्या चरबीपेशी आकारानं मोठ्या असतात आणि त्या चरबीची पसरायची कुवत कमी पडते, असंही अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे युरोपीय माणसाची कणगी ९५ किलोला भरते, तर आपली ६५ लाच. न्यूकॅसलचे रॉय टेलर याला प्रत्येकाचा स्वतःचा चरबीचा उंबरठा म्हणतात. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत सर्वसाधारण लठ्ठपणा २८.६ टक्के, पण पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के निघाला. वजनकाटा ज्यांना ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवतो, त्यांतले पुष्कळ जण या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत आहेत. तुम्ही त्यातलेच एक.

इन्फ्लमेशन हे मूळ कारण की परिणाम, यावर मला जरा थांबायचं आहे, कारण सोशल मीडियावर सगळं खापर त्याच्यावर फुटतं आणि मग त्यावरचा ‘उपाय’ विकला जातो. उंदरांना भरपूर तुपकट खाणं दिलं की इन्सुलिनचं काम तीन दिवसांतच बिघडतं. त्या वेळी दाहाचा त्यात हात दिसत नाही. सुरुवात चरबीच्या गळतीनं होते. दाह मागाहून येतो आणि बिघाड पक्का करतो. दुसरं, थोडा दाह चरबीला हवाच असतो. ज्या उंदरांच्या चरबीपेशींत तो मुद्दाम दाबून टाकला, त्यांची चरबी नीट वाढू शकली नाही, आणि लिव्हर उलट जास्त बिघडलं. तिसरं, माणसांवरच्या औषधांचे निकाल. टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं संधिवातात कमाल करतात, पण लठ्ठ मधुमेही माणसाची साखर त्यांनी उतरवून दाखवलेली नाही. कॅनाकिनुमॅब हे इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणारं औषध हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांना देऊन पाहिलं. सीआरपी चांगलंच खाली आलं, हृदयविकाराचे झटके कमी झाले, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या बाबतीत दाह खरा गुन्हेगार आहे. पण नवा मधुमेह होणं त्यानं थांबलं नाही. चरबी सांडतेच आहे आणि आपण फक्त अलार्मची वायर कापली, असा तो प्रकार.

म्हणून हळदीच्या कॅप्सूलवर पैसे घालवू नका. भाजी-आमटीतली हळद खा, ती चांगलीच आहे. पण कॅप्सूलमध्ये काळ्या मिरीचा अर्क घालून शोषण कित्येक पटींनी वाढवलेलं कर्क्युमिन असतं, आणि अशा कॅप्सूलनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिका आणि इटलीत झाल्या आहेत. आधीच फॅटी असलेल्या लिव्हरवर हा प्रयोग कशाला?

एचएस-सीआरपी करायला हरकत नाही, पण तुमच्या बाबतीत त्यानं निर्णय बदलणार नाही. १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त असं वाचतात. सर्दी, दाताची हिरडी सुजलेली, गुडघा दुखावलेला, कशानंही ते वर जातं, म्हणून एका रिपोर्टवर विसंबायचं नसतं. त्याच पैशांत एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), एएसटी, एएलटी (ही दोन लिव्हरची एन्झाइम) आणि प्लेटलेट करा. वय आणि या शेवटच्या तीन आकड्यांवरून फिब-४ नावाचा अंक निघतो, लिव्हरमध्ये जखमेचे व्रण पडायला लागलेत का याचा अंदाज देणारा. तो वर आला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. आणि दारू घेत असाल तर डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा. ‘ऑकेजनली’ हा शब्द आमच्या कुठल्याच हिशोबात बसत नाही.

मुख्य उपाय तुम्हाला विचित्र वाटेल: सहा-सात किलो वजन उतरवायचं. हो, ६६ वरून ५९-६० वर. टेलर यांच्या गटानं २०२३ मध्ये बीएमआय २७ च्या आत असलेल्या २० मधुमेही लोकांवर हे करून पाहिलं. जवळपास १० टक्के वजन उतरल्यावर १४ जणांचा मधुमेह औषधांशिवाय ताब्यात आला, लिव्हर आणि स्वादुपिंडातली चरबी कमी झाली. तुम्ही अजून मधुमेहाच्या अलीकडे आहात, तेव्हा तुमची बाजू जास्त भक्कम. घरचे ‘किती वाळलास, तब्येत बरी आहे ना’ म्हणतील. लग्नकार्यात तर म्हणतीलच. त्याची तयारी ठेवा.

उतरवताना स्नायू जाता कामा नयेत, कारण जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायूच रिचवतात आणि ते आपल्याकडे मुळात कमी. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम: बैठका, जोर, डंबेल, काहीही, पण दमवणारं. बाकी दिवशी भरभर चाल. व्यायामानं पोटाच्या आतली चरबी काट्यावरचं वजन न हलताही कमी होते, त्यामुळे काटा हलला नाही म्हणून सोडून देऊ नका. जेवणात तेलाकडे सगळे बघतात. तुमचं ट्रायग्लिसराइड आणि लिव्हर बघता माझा संशय पिठावर आणि साखरेवर जास्त आहे. दिवसातले तीन-चार गोड चहा, सोबतची खारी-बिस्किटं, सकाळी प्लेटभर पोहे, रात्री भात आणि वर तीन पोळ्या. लिव्हर जास्तीच्या कर्बोदकांपासून स्वतःच चरबी तयार करतं. चहा बिनसाखरेचा करा, रात्री पोळी किंवा भात यांपैकी एकच, आणि उसळ, पिठलं, दही, अंडी, मासे यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात. रोजची झोप सात तासांची.

वजनाच्या नव्या इंजेक्शनांबद्दलही विचारलं जाईल, म्हणून सांगतो. टिर्झेपॅटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड २०२५ मध्ये भारतात आलं. सेमाग्लुटाइडनं १७,६०४ हृदयरुग्णांत झटके आणि मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी केले, सीआरपीही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरलं. औषधं दमदार आहेत, पण त्या अभ्यासातल्या लोकांचा बीएमआय २७ पासून पुढे होता. २२.८ ला मी ती देणार नाही.

मित्राला मात्र ‘तू मजेत आहेस’ असं सांगू नका. त्याची कणगी मोठी आहे, अमर्याद नाही. अशा ‘निरोगी लठ्ठ’ लोकांतले बरेच जण काही वर्षांत दुसऱ्या बाजूला येतात, आणि गुडघे, घोरणं, रक्तदाब हे वजनाचे हिशोब वेगळे चालूच असतात. वर्षातून एकदा त्यानंही साखर, लिपिड, रक्तदाब बघावा.

कमर नीट मोजा, कारण पँटचा नंबर खोटं बोलतो. पुरुष पँट पोटाच्या खाली बांधतात आणि वीस वर्षं ‘चौतीस’च सांगत राहतात. शर्ट वर करून उभं राहायचं, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक बोटांनी शोधायचं, दोन्हींच्या मधोमध टेप आडवा धरायचा, श्वास सहज सोडायचा आणि पोट आत न ओढता आकडा वाचायचा. तीन महिन्यांनी तोच टेप, शक्यतो त्याच वेळी. रक्ताच्या तपासण्याही तेव्हाच पुन्हा. ट्रायग्लिसराइड सगळ्यात आधी खाली येईल, एएलटी वाढलेलं असेल तर ते पाठोपाठ, सकाळची साखर थोडी मागून. आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल तर भावंडांनाही हाच टेप लावा, विशेषतः जो सगळ्यात बारीक आहे त्याला.